नाव नको ठेवू

सुनेनं नवीन घर सजवायला माझ्या घरातलं जुनं सामान आणलं. मला आणलं तेही त्याच टेम्पोत. सामान मागं, मी पुढं डायवरच्या बाजूला, एवढाच फरक.

घर खामगावात. माझं गाव पिंपळगाव राजाच्या पुढं. बायकोची तेरवी झाली तसा पोरगा म्हणाला, बाबा, एकटे राहून काय करता. मी काय करतो हे त्यानं चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. पण आलो.

सून मोबाइलवर चित्रं दाखवायची. पिवळ्या उजेडाचे दिवे, पितळ, तांबं, आणि लाकूड असं की त्याच्यावर कोणी दोन पिढ्या गोवऱ्या थापल्या असाव्या. असं लाकूड आता मिळत नाही म्हणे, लोक शोधत पुण्यापर्यंत जातात, आपलं तर गोठ्यात पडलं आहे. पडलं होतं हे खरं. माझी बायकोही त्याच गोठ्यात राबली, तेव्हा तिला कोणी जुनं आणि मोलाचं म्हटलं नाही. मी तर नाहीच नाही.

सुतारानं गोठ्याचं सागवानी कवाड आडवं करून त्याचं जेवायचं टेबल केलं, वर काच टाकली. त्या कवाडाला आमच्या म्हशीनं वर्षानुवर्षं अंग घासलं. आता त्याच्यावर पाहुण्यांना पोहे मिळतात. तिफन उलटी करून छताला टांगली, तिच्या तिन्ही दात्यांना बल्ब लावले. त्या तिफनीमागं बायको पेरत चालायची. पोरगा पोटात होता, सातवा महिना होता, तरी चालायची. मी पुढून बैल हाकत ओरडायचो, मूठ नीट सोड, बी विरळ पडून राह्यलं. सुनेला हे सांगितलं नाही. तिनं पाहुण्यांना सांगितलं असतं, आणि पाहुण्यांनी वर बघून अरे वा म्हटलं असतं.

सगळं घ्या म्हटलं. एका गुंडापुरताच मी अडलो.

पाणी भरायचा तांब्याचा गुंड. माझ्या सासऱ्यानं लग्नात दिलेला. त्याच्या पोटावर छिन्नीनं ठिपके ठिपके मारून तिचं नाव घातलं होतं. माहेरचं. लग्नात आम्ही तिचं नाव बदललं, तशी रीतच आहे, आणि मग रेशन कार्डावर, मतदानाच्या कार्डावर, मेल्याच्या दाखल्यावर सगळीकडे आम्ही दिलेलं नाव लागलं. तिच्या बापानं ठेवलेलं नाव जगात त्या गुंडावर तेवढं राहिलं. तिच्या माहेरी आता नाव घेणारं कोणी जिवंत नाही.

मीही कधी घेतलं नाही. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. अवं म्हटलं की ती यायची. पण नावं मात्र मी तिला रोज ठेवली. भाकर जाड, चालणं हळू, तोंड काळं, भाऊ भिकारी. चारचौघांत ठेवली, पोरासमोर ठेवली. मला वाटायचं बाईमाणसाला अशानंच वळण लागतं. तिला वळण लागलं की नाही माहीत नाही, पोराला लागलं. तो त्याच्या आईशी माझ्यासारखंच बोलायचा.

गुंडाला एक पोचा होता. तो माझा. एका उन्हाळ्यात वावरातून आलो आणि पाणी कोमट लागलं. भरलेला गुंड उचलून तिच्या अंगावर फेकला. तिच्या खांद्याला लागला, मग चौकटीवर आपटला. नावाच्या जरा खाली मूठभर पोचा पडला. खांदा तिचा त्या दिवसापासून एका बाजूनं उतरला तो तसाच राहिला, तिरडीवरही तसाच दिसला. पण ती गुंडाचीच काळजी करायची. कोणी घरी आलं की पोच्याची बाजू भिंतीकडे करायची. लोक काय म्हणतील माझ्याबद्दल, म्हणून. चाळीस वर्षं ती तो गुंड फिरवत राहिली.

दवाखान्यात शेवटी ती कोणाच्या हाकेला ओ देत नव्हती. नर्स कार्डावरचं नाव वाचून हाका मारायची. मला म्हणाली, बाबा, तुम्ही मारा, घरच्या आवाजानं माणूस डोळे उघडतो. मला ठाऊक होतं कोणत्या नावानं ती उघडेल. जिभेवर आलं होतं. बाजूच्या खाटेवरचे लोक बघत होते. मी म्हटलं, अवं. तिनं उघडले नाहीत.

तेव्हापासून सकाळी पाणी घेताना मी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवायचो. चौथी शिकलेला माणूस मी, डोळ्यांत मोतीबिंदू. वाचता यायचं नाही, बोटाला कळायचं. म्हणून पोराला सांगितलं, गुंड घासा, चमकवा, काय करायचं ते करा, पण त्याच्यावरचं नाव राहू द्या. पोच्याचं बोललो नाही. ते बोललो असतो तर कसा पडला ते सांगावं लागलं असतं. पोरानं ते सुनेला सांगितलं. सून म्हणाली, बाबा सांगतील तसंच होईल. यात तिची चूक काही नाही, हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढं मी तिचं काय केलं ते यायचं आहे.

पालिशवाला मशीन घेऊन घरीच आला. अंगणात बसला. पलीकडे सुतार रंधा मारत होता, दोघांचा आवाज असा की कानात खिळे ठोकावे. सून मला म्हणाली की मी बाहेर जाते, तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि त्याला काय विचारायचं ते तुम्हालाच विचारू द्या.

तो माणूस बोलका निघाला. घंगाळ हातात घेतलं, म्हणाला पत्रा पातळ आहे. परात घेतली, म्हणाला ही तर जत्रेतली. समईला म्हणाला दांडी वाकडी. माझं डोकं तापत गेलं. माझ्या बायकोनं राखेनं घासून घासून जपलेली भांडी, आणि हा कोण उपटसुंभ आला त्यांना वाकडं म्हणणारा. मग त्यानं गुंड उचलला. पोच्याची बाजू माझ्याकडे केली, तिथं बोट ठेवलं, आणि मशीन चालूच ठेवून ओरडला, "बाबा, नाव ठेवू का?"

मी म्हटलं, "नाव नको ठेवू बे. चूप घास."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या वस्तूच्या बाजूनं बोललो. बोललो आणि बरं वाटलं. तो हो म्हणाला आणि मशीनवर वाकला. मी खुर्ची उचलून घरात गेलो.

गुंड परत पाहिला तो वास्तुशांतीच्या दिवशी. हॉलमध्ये दाराशी ठेवला होता, सोन्यासारखा, आणि त्यात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या खोचल्या होत्या, बोंडांसकट. आम्ही पऱ्हाटी चुलीत घातली, सुनेनं हॉलमध्ये लावली. पाहुण्या बाया फोटो काढत होत्या. मी जवळ गेलो, बोट लावलं. गुळगुळीत. दुसरीकडे लावलं. सगळा गुंड फिरवला. ठिपके नाहीत, पोचाही नाही. आतून ठोकून बाहेर काढला होता त्यानं, असा की तिथं कधी काही झालंच नव्हतं.

मी सुनेला तिच्या आईसमोर बोललो. काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. तुझ्या सासूला मेल्यावरही पुसलं तू, असं म्हटलं. तुझ्या बापानं तुला भांडी दिली असती तर तुला समजलं असतं, असंही म्हटलं. तिचा बाप नाही, ती लहान असतानाच गेला. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. सुनेनं मान खाली घातली, आणि खरं सांगतो, मला गोड वाटलं. बायको गेल्यापासून असं कोणी माझ्यासमोर खाली मान घालून उभं राहिलं नव्हतं.

सुनेनं तिथंच मोबाइल काढला. पालिशवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ताई, मी बाबाले इचारलं होतं," तो म्हणाला. "नाव ठेवू का म्हनलं. तेच म्हनले, नाव नको ठेवू. मी काऊन आपल्या मनानं काढीन?"

पहिलं हसू पोराला आलं. मग त्याच्या साल्याला. मग दोन-तीन बायांना, पदराआड. त्यांना गंमत वाटली, म्हाताऱ्याला ठेवू म्हणजे काय तेच कळलं नाही. "बाबा, जल्मभर आईले नावं ठेवली," पोरगा म्हणाला, "आन् एक ठेवाचं होतं ते नाही ठेवलं." चांगलं बोलला. माझाच पोरगा आहे, बरोबर जागेवर मारतो.

सून तेवढी हसली नाही. पाहुणे गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसली, त्याच कवाडाच्या टेबलाशी. म्हणाली, "बाबा, पुन्हा घालून घेऊ नाव. त्याला सांगते उद्या. काय होतं आईंचं?"

तिला माहीत नव्हतं. पोराकडे बघितलं, तो मोबाइलमध्ये होता. तिनं त्याला विचारलं. त्यानं कार्डावरचं नाव सांगितलं. माहेरचं त्यालाही माहीत नव्हतं, त्यानं कधी तो गुंड वाचलाच नव्हता.

मी म्हटलं, लिहून देतो. सुताराची पेन्सिल पडली होती, ती घेतली, कागद घेतला. पहिलं अक्षर आलं. दुसऱ्याला वेलांटी ऱ्हस्व होती की दीर्घ, तिथं अडलो. बोटाला येत होतं, हाताला आलं नाही.

"राहू द्या, नुसतं सांगा," सून म्हणाली. "मी लिहिते."

तोंड उघडलं. पोरगा बघत होता. मी म्हटलं, उद्या सांगतो.

ती अजून विचारते, आठवड्यातून एकदा तरी, आणि मी उद्या म्हणतो. मी तिच्या बापाबद्दल बोललो ते ती काढत नाही. गुंड दाराशी आहे. सकाळी सगळे उठायच्या आधी मी जाऊन त्याच्यापाशी उभा राहतो, पऱ्हाट्या बाजूला करतो, आणि तो फिरवून ठेवावा म्हणून हात लावतो. कोणती बाजू भिंतीकडे करायची ते कळत नाही.