बर्फकाका आणि सायीची कॉफी

माझ्या काकांना सगळं गाव बर्फकाका म्हणतं. ते फ्रीज दुरुस्त करतात, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. त्यांनी तोंड उघडलं की समोरचा गार पडतो, म्हणून पडलं. "भावजींच्या जिभेला हाड नाही," असं आई म्हणते. पन्नाशी उलटली तरी त्यांचं लग्न का झालं नाही, याचं दुसरं कारण आमच्या घरात कुणी शोधलंच नाही.

काकांची कामाची एक पद्धत आहे. दुरुस्ती झाली की ते थर्मामीटर लावत नाहीत. मालकाला म्हणतात, "तुमची नेहमीची कॉफी करा, आत ठेवा, गार झाली की मला द्या." तोवर हत्यारं पुसून पेटीत लावायची आणि मग ग्लास तोंडाला. पहिल्या घोटाला फ्रीजचा निकाल, दुसऱ्या घोटाला कॉफीचा. दुसरा निकाल कुणी मागत नाही, पण तो मिळतोच.

त्यामुळे गावातली यच्चयावत गार कॉफी काकांच्या पोटात गेली आहे. कॉलेजच्या कँटीनमध्ये ती मिक्सरमधून इतकी फिरवतात की अर्धा ग्लास नुसता फेस. काका म्हणाले, "दाढी करायला बरी आहे." आइस्क्रीमवाला वर गोळा सोडतो. त्याला म्हणाले, "ही कॉफी नाही, हे लाड आहेत." दवाखान्याच्या उपाहारगृहात गरम कॉफी थेट बर्फावर ओततात. तिथे गप्पा मारत बसलात तर ग्लासात भांडी विसळल्याचं पाणी उरतं. चौकातल्या काचेच्या दारांच्या कॉफीच्या दुकानात मात्र पूड रात्रभर गार पाण्यात भिजत ठेवतात आणि सकाळी गाळतात. दूध नाही, साखर नाही. ती पिऊन काकांनी डोळे मिटले, तेव्हा मालकाने देव आठवले. काका म्हणाले, "कडू आहे, पण उकळलेली नाही ना, म्हणून चिडलेली नाही." तो मालक अजून हे वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवतो.

सायीच्या बाबतीत तर काका कुणाचंच ऐकत नाहीत. कॉफीवर साय म्हणजे आळसाचा पुरावा, असं त्यांचं मत. आईच्या कॉफीवर चुकून पापुद्रा दिसला तर कप आल्या पावली परत जातो.

गेल्या उन्हाळ्यात मी ड्रेस कमरेत सैल करून घ्यायला शिवणबाईंच्या दुकानात गेले. (ड्रेस आटला होता. हसू नका.) बाई एकट्याच राहतात. दुकानात एक मशीन, कापडांचे गठ्ठे आणि कोपऱ्यात छोटा फ्रीज, त्यावर दोऱ्यांची रिळं. शेजारच्या स्टुलावर काका बसले होते. पेटी उघडलेली नव्हती. हातात स्टीलचा पेला होता. बाईंची गार कॉफी म्हणजे सकाळची उरलेली दुधाची कॉफी, दुपारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवलेली. तिच्यावर बोटभर साय होती. काकांनी ती सायीसकट प्यायली, मिशीला लागलेली ओठांनी टिपली आणि म्हणाले, "वा, फक्कड!"

मी घरी धावत जाऊन आईला सांगितलं.

"साय? आणि टाकली नाही?"

"मिशीचीसुद्धा खाल्ली."

आईने गॅस बंद केला आणि खालीच बसली. "अगं बाई! मग भावजी गेले कामातून!"

त्या दिवशी आम्ही दोघी उगाचच हसत होतो. काकांचंही कुणीतरी असावं, असं मला फार वाटायचं.

पण आमचा आनंद फार टिकला नाही. थोड्याच दिवसांत शिवणबाईंच्या दारावर पुठ्ठा लागला: 'सोमवारपासून इथे गार कॉफी मिळेल. बर्फकाकांची पसंती.' बाईंचे डोळे आता बारीक टाक्याला साथ देत नव्हते, शिवण कमी करावं लागणार होतं. जो माणूस कुणाचीच भीड ठेवत नाही तो आपली कॉफी फक्कड म्हणतो, तर तीच विकावी, असा साधा हिशोब त्यांनी केला. नवे ग्लाससुद्धा आणले.

काका संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. "वहिनी, सगळं गाव तिला हसणार."

"मग खरं सांगून टाका."

"सांगितलं तर मला दारात उभं करणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

काकांनी आयुष्यभर फुकट वाटलेलं खरं नेमकं गरजेच्या वेळी संपलं होतं. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

रविवारी सकाळी ते निघाले, मला सोबत घेऊन. एकट्याने जायची छाती नव्हती. बाई नवे ग्लास पुसत होत्या. "बरं झालं आलात. घ्या, चाखून बघा."

काकांनी पेला घेतला आणि तसाच खाली ठेवला. "बाई, ही कॉफी भिकार आहे."

"का? आज बिघडली?"

"पहिल्या दिवसापासून. साय तर मला बघवतसुद्धा नाही."

मला कापडांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसावंसं वाटलं. बाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

"मी तुमच्या भरवशावर पुठ्ठा लावला."

"म्हणून तर आलो."

"मग इतके दिवस प्यायलात कशाला?"

काका पेटीच्या कडीशी चाळा करत राहिले. "पेला रिकामा होईपर्यंत बसता यायचं."

बाई उठल्या, दारावरचा पुठ्ठा ओढून काढला आणि कातरीने त्याचे दोन तुकडे केले. काकांनी पेटी उचलली आणि दाराकडे वळले.

"कुठे निघालात?" बाई म्हणाल्या. "कॉफी विकायची नाही, एवढंच ठरलं. बसायला कुणी नको म्हटलं? उद्या काय विकायचं ते दोघं मिळून ठरवू."

काका परत येऊन स्टुलावर बसले. आता हातात पेला नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना.