अप्पांच्या पोटरीवर पाय कोणाचा

अन्याय झाला तो मुत्तय्या न्हाव्यावर, गेल्या कार्तिकातल्या दुसऱ्या शनिवारी, पहिल्या प्रहरी, कुंभकोणात आमच्याच घरी. अन्याय करणारा मी. (तंजावर खालसा करणाऱ्या गोऱ्या सरकारला मी चार पत्रकांतून जाब विचारला आहे. स्पर्शाने कोणी बाटत नाही, हे पाचव्यात आहे.)

माझे वडील, अप्पा, कीर्तनकार. चाळीस वर्षं उभं राहून उजव्या पोटरीत गाठी धरलेल्या, आणि घोटा असा आखडलेला की उकिडवे बसायला गेले की मागे कलंडत. आठ दिवसांवर गोविंदपुरम्‌ गावच्या उत्सवातलं कीर्तन. तिथे उभं राहता आलं नाही तर मान दुसऱ्याकडे जाणार आणि परत येणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मुत्तय्या हजामतीबरोबर अंगही रगडतो; त्याने अप्पांना चटईवर पालथं निजवलं. तेल लावून अंगठा गाठीवर नुसता दाबून धरला. गाठ सैल झाली की पाऊल हळूच वळवायचं, मग पुन्हा दाब. थोड्याच वेळात घोटा दोन बोटं जास्त वाकला.

"किती वर्षांनी रे," अप्पा चटईतच म्हणाले.

"वरची सुटली, सामी. आतली आहे तिला अंगठा पुरत नाही. टाच लावतो."

त्याने तुळईला स्वतःचा दोर अडकवला, दोन्ही हातांनी धरून अंग त्यावर तोललं आणि पाय उचलला.

"पाय नको!" कोणीतरी ओरडलं. तो आवाज माझा होता.

"का?" अप्पा.

"वडिलांना पाय लावायचा म्हणजे..."

"वडील मी तुझा. त्याचा नव्हे. मग तू लावतोस?"

मी कसा लावणार? मी मुलगा! आईकडे पाहिलं, तर ती आत गेली. उरली आत्या, अप्पांची थोरली बहीण, देहाने भरभक्कम.

"मी लावते," ती म्हणाली. "लहानपणी ह्याला पुष्कळ लाथा घातल्यात."

"आक्कांनी नको, सामी," मुत्तय्या मला म्हणाला. "भार दोरावर ठेवायचा असतो, पायावर नाही."

"शिकवू नकोस," मी म्हणालो. (हे वाक्य पाचव्या पत्रकात नाही.)

मुत्तय्याने दोर सोडला, गुंडाळला आणि मागच्या दाराने निघून गेला.

आता आत्याने धरायचं काय? मी तिच्या हातात झोपाळ्याची साखळी दिली. झोपाळा, झोपाळ्याने करायचं तेच करून, पुढे गेला. आत्याही थोडी गेली, परत आली, आणि अप्पांच्या घोट्यावर बसली.

"सुटली का रे गाठ?"

"सगळंच सुटलं, आक्का."

गोविंदपुरम्‌ला दुसरे बुवा उभे राहिले. अप्पा श्रोत्यांत पाय लांब करून बसले होते, मांडीवर ताल धरत. तिसऱ्या अभंगाला त्यांनी तोही सोडला. अजून काठी घेऊन चालतात. मुत्तय्याकडे तीनदा निरोप धाडला. तो येत नाही. "मुलगा घरी असतो ना?" एवढंच विचारतो.

तेव्हा वाचकहो, हळहळ नको. तुमच्यापैकी कोणाकडे मुत्तय्या येत असेल, त्याने त्याला आमच्या घरी पाठवावं, पुढच्या दाराने. आणि त्या दिवशी मला आपल्याकडे जेवायला बोलवावं, आणि अंधार पडेपर्यंत सोडू नये.