चपट्या नाकाचा छर्रा

छर्रा तळहातावर ठेवायचा, अंगठ्याने हलकेच फिरवायचा आणि समोरच्यापुढे धरून म्हणायचं, "आधी नाक बगा." मोहोपाड्याच्या आमच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये रविवारी एअर पिस्तूल शिकायला येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत असंच व्हायचं. नाक म्हणजे छऱ्याचं, एअर पिस्तुलातल्या त्या शिशाच्या बारीक गोळीचं, पुढचं टोक. पिस्तूल हातात मिळायचं ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी.

शिकवणाऱ्यांना आम्ही हवालदार म्हणायचो. पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेले, कशेळ्याजवळच्या गावाहून जीप बदलत येणारे. मी कंपनीच्या प्रयोगशाळेतला माणूस, त्यामुळे प्रश्नांची खोड जात नाही. एकदा विचारलं, खऱ्या पिस्तुलाच्या गोळीचं नाक बहुतेक वेळा गोल का असतं?

"मॅगझिनमधनं वर नळीत चढताना अडकू नये म्हणून. चपटं नाक कदी कदी नळीच्या तोंडाशी, उंबऱ्यालाच अडकतं."

"आणि नाकाला खळगा असला तर?"

"ती अंगात जाऊन फुलते, बहुतेक तितंच थांबते. गोल नाकाची आरपार जाते. मागं कोन उभं हाय, ते ती बगत नाय."

तेव्हा मागं कोण उभं होतं, हा पुढचा प्रश्न मी गिळला. आता वाटतं, विचारायला हवा होता.

टोकदार छर्रा सगळ्यात चांगला, अशी माझी पक्की समजूत होती. तुमचीही असेल. हवालदारांनी वाद घातला नाही. एकाच कागदावर एक टोकदार मारला, एक चपटा. टोकदाराने कागद फाडला होता. चपट्याचं भोक पंचिंग मशीनने पाडावं तसं स्वच्छ, गोल. "भोकाची कड वर्तुळाच्या रेषेला टेकली की वरचा गुण," ते म्हणाले. "कडच फाटली तर पंच बगनार काय?"

आमच्यात नेम खरा होता तो मनीषाचा. ती कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला होती. राज्याच्या संघात नाव लागलं, तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीला उभं राहता येणार होतं, आणि वय पाहता ही तिची शेवटची संधी होती. तिचे छर्रे हवालदार स्वतः निवडून द्यायचे. दुसऱ्या कुणी डबीला हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

निवडीच्या दिवशी मनीषाच्या कागदावरची भोकं फाटकी निघाली. एक रेषेला टेकलंय की नाही, हे पंचांनी भिंगातून पाहिलं आणि खालचा गुण दिला. तेवढ्या एका गुणाने ती मागे राहिली.

"हात हलला, काका," ती म्हणाली.

हवालदारांनी कागद घेतला. पाहिला नाही, भोकांवरून अंगठा फिरवला. "हात नाय हलला गं. मी तुला टोकदार दिलं."

मग पंचांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काचबिंदू हाय मला. डबीचा रंग बगून दिलं. अंगठा लावला नाय."

निकाल बदलला नाही. हॉलची किल्ली त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्या हातात ठेवली. त्यांची खुर्ची कुणी हलवत नाही, पण तिच्यावर कुणी बसतही नाही.

मनीषा भातकापणी होईपर्यंत त्यांचं नावही घेत नव्हती. मग एका रविवारी म्हणाली, "चला, कशेळ्याला जाऊ."

ते ओटीवर बसले होते. आमच्या आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वळवली, नजर मात्र भलतीकडेच होती. मनीषाने एक छर्रा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आधी नाक बगा, काका."

अंगठा फिरत राहिला. घाई अजिबात नव्हती.

"चपटं हाय," ते म्हणाले.

मनीषाने पिशवीतून सबंध डबी काढली आणि निवडून द्यायला त्यांच्या मांडीवर ठेवली.