शब्द फोडणारे सर

इंग्रजी शब्द दिसला की सरांचा हात आधी खिशाकडे जायचा. खिशात लाल पेन. पेन निघालं की शब्दात एक उभी रेघ, कधी दोन, आणि वर ठरलेलं वाक्य, "भ्यायचं कशाला? फोड की त्याला!" लग्नाची पत्रिका असो, औषधाचा खोका असो, त्यांच्या हातून इंग्रजी शब्द अखंड सुटलेला मी बारा वर्षांत पाहिला नाही. असे एखादे सर तुम्हालाही भेटले असतील. भेटले नसतील तर तुमच्या पत्रिका तेवढ्या स्वच्छ राहिल्या.

मी मराठीची शिक्षिका, सर इंग्रजीचे. आम्ही दोघं परभणीहून बोरीला एसटीने अपडाऊन करायचो. शाळेत त्यांच्या दहावीच्या आणि माझ्या नववीच्या वर्गांच्या मध्ये नुसता पत्रा होता. मी कविता रंगात आणली की पलीकडून आवाज यायचा, "सब म्हणजे?" "खाली!" "ट्रान्स म्हणजे?" "पल्याड!" माझी पोरं कविता सोडून त्या वर्गाची उत्तरं द्यायची. उपसर्ग आणि प्रत्यय मीही शिकवत होते, पण माझ्या उपसर्गांसाठी कुणी इतकं कधी ओरडलं नाही. त्याचा मला राग यायचा, आता कबूल करायला हरकत नाही.

एकदा एसटीच्या कृपेने आम्ही दोघं आठवडाभर रोज उशिरा पोचलो. मुख्याध्यापकांनी दोघांच्या नावे इंग्रजीतून मेमो काढला. तिथंच ते चुकले. सरांनी 'इरेग्युलर' या शब्दात दोन रेघा मारल्या, खाली लिहिलं, 'इर म्हणजे नाही, रेग्युल म्हणजे नियम. शब्द उत्तम आहे, वर्गात घेतो,' आणि मेमो परत केला. शब्द वर्गात घेतलाही. मुख्याध्यापक खुलाशाची वाट बघत बसले.

गावात त्यांचं नाव झालं ते एका बाटलीमुळे. कापसावर अळी पडलेला एक शेतकरी घरातली जुनी बाटली घेऊन फवारायला निघाला होता. शाळेसमोर सरांनी त्याला थांबवलं, लेबलवरच्या 'हर्बिसाइड'मध्ये रेघ मारली. "हर्बि म्हणजे झाडपाला. साइड म्हणजे मारणारं. अळी राहील, कापूस जाईल."

"मास्तर, तुमी नसता तर उभं वावर जळलं असतं की हो," तो माणूस बाटली खाली ठेवत म्हणाला. तेव्हापासून मधल्या सुट्टीत सरांपुढे बाटल्या, गोळ्यांची पाकिटं आणि दवाखान्यातल्या तपासणीचे कागद यांची रांग लागायची.

गंमत अशी की सरांना इंग्रजी बोलता यायचं नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी इंग्रजीतून दोन सोपे प्रश्न विचारले, तर सर नुसते हसत उभे राहिले. मी परतीच्या गाडीत त्यांना छेडलं. ते म्हणाले, "मोठ्या शब्दाचं काही वाटत नाही, मॅडम. छोट्याला सांधाच नसतो. फोडायचं कुठून?"

गावातल्या कागदांपायी त्यांनी दहावीला आजारांच्या नावांची शेपटं शिकवायला घेतली. "आयटिस म्हणजे?" "सूज!" "ओमा म्हणजे?" "गाठ!" मी म्हटलं, या वयात पोरांना हे कशाला? तर म्हणे, "घरोघर रिपोर्ट यायलेत. वाचायला कुणी पाहिजे का नको?"

मग एका हिवाळ्यात सरांचाच आवाज बसला. डॉक्टरला दाखवा म्हटलं, तर घोगऱ्या आवाजात उत्तर तयार होतं. "लॅरिंजायटिस. लॅरिंज म्हणजे कंठ, आयटिस म्हणजे सूज. मास्तरच्या कंठाला सूज नाही येणार तर कुणाच्या?" स्वतःच स्वतःला शब्द दिला, स्वतःच फोडला आणि स्वतःच समाधान मानलं. डॉक्टरचा खर्चच नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली तरी ती सूज उतरली नाही. मीही फार मागे लागले नाही. पत्र्यापलीकडची शांतता मला बरी वाटत होती. हे आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

जूनमध्ये शाळा उघडली. सकाळच्या गाडीत सर शेजारी येऊन बसले आणि फाईल माझ्या मांडीवर ठेवली. कागदाच्या मध्यावर एक लांबलचक शब्द होता. त्याच्या शेवटी 'आयटिस' नव्हतं, 'ओमा' होतं, ते मला लगेच दिसलं. पत्र्याआडून कितीदा तरी ऐकलं होतं.

"फोडा बघू, मॅडम."

"मला नाही यायचं, सर. मी आपली मराठीची."

"भ्यायचं कशाला?" आवाज नव्हताच, नुसती हवा येत होती. ते माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी त्यांनीच पेन काढलं. गाडी खड्ड्यांतून चालली होती, पण रेघ अगदी सरळ आली. शेवटचा तुकडा वेगळा झाला. "बघा," ते म्हणाले, "वर्गातलाच आहे."

दिवाळीच्या आधी सर गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा सरांच्या पत्नीने, वहिनींनी, तीच फाईल पुढं ठेवली. आता ती चांगली जाड झाली होती. पानापानावर लाल रेघा होत्या. आधीच्या सरळ, नंतरच्या थरथरत गेलेल्या.

"समदं मला समजून सांगायचे," वहिनी म्हणाल्या. "आवाज गेल्यावर पाटीवर लिहून सांगायचे. डॉक्टर काही बोलले की मी ह्यांच्याकडं बघायची. दवाखान्याचा हा शेवटचा कागद तेवढा सांगायचा राहिला बघा. तुमाला येतंय का?"

शेवटच्या कागदावर एकही रेघ नव्हती. मधला मोठा शब्द अखंड होता. येत नाही म्हणणं सोपं होतं, एकदा म्हटलंही होतं. मी पर्समध्ये हात घातला. वह्या तपासायचं लाल पेन सापडायला जरा वेळ लागला.

"इकडं या, वहिनी. जवळ बसा," मी म्हणाले. "भ्यायचं कशाला?"

आणि रेघ मारली. ती काही सरळ आली नाही.