खाकी कव्हराचं पुस्तक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कृष्णेच्या घाटावर रोज संध्याकाळी ज्यांच्याशी गप्पा मारतो त्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्याला सांगायची हिंमत माझ्यात नाही.

मी सांगलीत एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. बरं शिकवतो म्हणे. संभाव्यता आणि यादृच्छिक प्रक्रिया — नावानंच पोरांना घाम फुटतो. पण माझ्या तासाला दारातसुद्धा पोरं उभी असतात, आणि त्याचं कारण माझी उदाहरणं. थेटराच्या तिकीट खिडकीपुढं रांग लागलीय. कधी एकदम वीस माणसं येतात, कधी चिटपाखरू नाही. मग रांग किती वाढेल? मी फळ्यावर ठिपके काढतो, मधेच एक ठिपका घुसखोर म्हणून पुढं सरकवतो, वर्ग हसतो, आणि हसता हसता गणित डोक्यात शिरतं. ‘सरांची रांग’ म्हणून ती कॉलेजभर प्रसिद्ध आहे.

ती रांग माझी नाही.

मी कोरेगावचा. पुण्याला एम.एस्सी.ला गेलो तेव्हा इंग्रजीची बोंब होती, आणि या विषयात मी नापास होणार हे मलाही ठाऊक होतं. त्या वेळी रद्दीच्या दुकानात एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. साधं इंग्रजी, प्रत्येक पायरी सोडवून दाखवलेली. प्रस्तावनेत लेखकानं म्हटलं होतं, की ज्यांना शिकवायला कुणी नाही त्यांच्यासाठी हे लिहिलंय. कुठला कोण परदेशातला माणूस — पण त्यानं माझं बोट धरून मला पास केलं. नोकरी लागली ती त्याच्या जिवावर. वर्गात उभा राहिलो तोही त्याच्याच जिवावर. त्याच्या पुस्तकातली रांग पोस्टातली होती, मी ती थेटरापुढं नेऊन उभी केली, एवढीच माझी कमाई. घुसखोरसुद्धा त्याचाच! पुस्तकाला मी खाकी कव्हर घातलं आणि वर काही लिहिलं नाही. आयत्या बिळावर नागोबा — दुसरं काय?

मग अभ्यासक्रम बदलला. या विषयाला एक पुस्तक ठरवायचं होतं. लायब्ररीत त्याच्या प्रती यायच्या आणि पोरांनाही तेच सांगायचं. विभागप्रमुखांनी माझ्यापुढं दोन पुस्तकं ठेवली. एक बारीक — नुसती सूत्रं आणि सिद्धता, समजावून सांगण्याच्या नावानं शून्य. दुसरं तेच, जे मी खाकी कव्हरात दडवलं होतं. त्याची स्वस्त आवृत्ती निघाली होती.

“तुमचा विषय, तुम्हीच ठरवा,” प्रमुख म्हणाले.

हे पोरांच्या हातात पडलं, तर पंधरा दिवसांत कुणीतरी रांग शोधून काढणार. मग मी कोण उरतो? म्हणालो, “जाड पुस्तक आपल्या खेड्यापाड्यातल्या पोरांना झेपायचं नाही, सर.” कोण बोलतंय बघा — कोरेगावचा मी! प्रमुखांनी मान डोलावली आणि बारीक पुस्तक लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

इथंच थांबलो असतो तर? थोडी चोरी, थोडा भित्रेपणा — कुणाचं काय बिघडलं, असं म्हणता आलं असतं. पण बिघडलं.

सुशीला शेवटच्या वर्षाला होती. माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची. तिच्या गावातली एकही मुलगी तिच्याआधी पदवीपर्यंत पोचली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात तिचा बाप मेंढरं घेऊन चाऱ्यामागं लांब गेलेला, भाऊ पलटणीत, आणि घरी आई अंथरुणाला खिळली. तिला गावी जाणं भाग होतं. हजेरीचं प्रमुख सांभाळून घेणार होते. परीक्षेला तेवढी ती येणार होती. घरच्यांनी सांगून टाकलं होतं — यंदा पास झाली तर नोकरी, नाहीतर लग्न.

जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली. बारीक पुस्तक छातीशी धरलेलं.

“सर, ह्यातलं एकटीला काय उमगत न्हाई. घरी बसून वाचलं तरी कळंल, असं एखादं पुस्तक हाय का?”

शब्द ऐका तिचे. नेमकं तेच पुस्तक मागत होती ती! आणि ते माझ्या टेबलावर होतं. माझा तळवा त्याच्या खाकी कव्हरावर होता.

मी म्हणालो, “असं पुस्तक नसतं. हा विषय वर्गात बसल्याशिवाय येत नाही.”

“व्हय सर,” म्हणाली, आणि गेली. जाताना वाकून पायाही पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.

एप्रिलात परीक्षेला आली तेव्हा उन्हानं रापली होती. बाकीच्या सगळ्या विषयांत पहिल्या वर्गाचे मार्क — माझ्या एका विषयात नापास. त्यानंतर तिचं पोस्टकार्ड आलं. ते माझ्याकडं आहे. तिनं लिहिलं होतं, ‘टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी असले की तुमची रांग आठवायची, पण पुस्तकात ती कुठं घावली न्हाई. तुमी सांगितलं तेच खरं, सर. वर्गात बसल्याबिगर येत न्हाई. चूक माझीच. लगीन ठरलंय. परत परीक्षेला येणं आता व्हायचं न्हाई.’

चूक माझीच, असं तिनं लिहिलं. तिनं!

उत्तर लिहायला किती वेळ लागला असता? चार ओळी. पुस्तक बांधून पाठवायला अर्धा तास. ऑक्टोबरची परीक्षा अजून पुढं होती. लग्न कदाचित पुढं ढकललं असतं, कदाचित नसतंही. संभाव्यता शिकवणारा मी — ती किती होती, हे मी कधी काढायला बसलो नाही. पोस्टकार्ड मी खाकी कव्हराच्या घडीत सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर ठिपके काढले. पोरं हसली.

याला आता सहा-सात वर्षं झाली. प्रमुख निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मी आहे. आता पुस्तक ठरवायला मला कुणाला विचारावंही लागत नाही. परवा पुस्तकांची यादी नव्यानं करायची म्हणून शिपायानं कागद आणून ठेवला. नव्या वर्गात माणची दोन पोरं आहेत, पाटणची एक मुलगी आहे. खाकी पुस्तक समोरच होतं. बराच वेळ पेन हातात धरून बसलो.

मग पुन्हा त्याच बारीक पुस्तकाचं नाव लिहिलं, खाली सही केली, आणि तासाला गेलो.