थांबली आणि थांबतेय

आपल्या बोलण्यात भूतकाळ फार घाईने येतो. आतून हाक आली की माणूस बसल्या जागेवरून ‘आलो’ म्हणतो आणि उठतो त्यानंतर. पाठशाळेत गुरुजींनी मला क्रियापदाचा हा विवेक मोठ्या कष्टाने शिकवला होता. क्रिया पूर्ण झाली असेल तर एक प्रत्यय, चालू असेल तर दुसरा. एकाच्या जागी दुसरा आला की पाटीवर फुली पडे. या भेदावर पुढे माणसांचे प्राण अवलंबून असतील, असे तेव्हा आम्हा दोघांनाही वाटले नसेल.

पोटासाठी मी रेल्वेत सांधेवाला झालो आणि घाटातल्या एका केबिनवर अनेक वर्षे काढली. उतरणीवर येणाऱ्या प्रत्येक गाडीने आमच्यापाशी पूर्ण थांबायचे, असा नियम होता. म्हणून रुळांचा सांधा एरवी मुख्य मार्गाला नव्हे, तर बाजूच्या कॅच सायडिंगला लावलेला असे. हा फाटा डोंगराच्या अंगाने वर चढतो आणि वाळूच्या ढिगात संपतो. ब्रेक न लागलेली गाडी त्यावर चढते आणि मंदावते. गाडी थांबल्याची खात्री झाली, की मगच लिव्हर ओढून सांधा मुख्य मार्गाला जोडायचा. कामावर येताच मी लिव्हरच्या मुठीला हात लावून तो कपाळाशी नेत असे. देवघरातली घंटा आणि ही मूठ यांत मी कधी अंतर मानले नाही.

श्रावणात धुके उतरले की केबिनमधून गाडी दिसत नसे. तेव्हा माझा सोबती सांध्याजवळ उभा राहून हाक देई, “थांबली!” आणि मी खिडकीतून विचारी, “थांबली की थांबतेय?”

“अरे शास्त्री,” तो ओरडे, “तुझं व्याकरण संपेपर्यंत इंजिनाला गंज चढेल!”

अशाच एका सकाळी मालगाडी उतरत होती. सोबत्याची हाक आली, “थांबली!” मी विचारले, “थांबली की थांबतेय?” उत्तर येण्याआधीच चाकांचे करकरणे माझ्या कानी आले. गाडी चालतच होती. मी सांधा बदलला नाही. ती संथपणे केबिनवरून पुढे गेली, फाट्यावर चढली आणि वाळूत रुतून उभी राहिली. ड्रायव्हर आणि गार्ड सुखरूप उतरले. घाटाखालच्या स्टेशनात त्या वेळी प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती.

चौकशीत मला विचारले, सांधा का बदलला नाही? मी म्हणालो, गाडी थांबली नव्हती. ते खरेच होते. सोबत्याने ‘थांबली’ अशी हाक दिली होती का, हे कुणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्याची नोकरी राहिली. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

यंदा कल्याणच्या आमच्या निवृत्तांच्या मंडळाने स्मरणिकेसाठी घाटातल्या आठवणी मागितल्या. मला हीच लिहायची होती, आणि ती हाक वगळून लिहिणे मनाला पटेना. नाव न घालताही घाटातल्या माणसांना तो कोण ते कळले असते. जन्मभराचा स्नेह पणाला लागत होता. तेव्हा त्यालाच विचारावे म्हणून मी कोपरला गेलो. त्याच्या वाडवडिलांच्या भातशेतीवर आता इमारत उभी आहे आणि तिच्या चौथ्या मजल्यावर तो राहतो.

माझे म्हणणे ऐकून तो हसला. “म्हणजे आधी माझी इज्जत काढणार, आणि त्याची परवानगी पण माझ्याकडेच मागणार?”

“तू नको म्हणालास तर नाही लिहिणार.”

“चहा आणला हं भाऊजी!” आतून वहिनींचा आवाज आला. चहा मात्र आला नाही.

सोबती खुर्ची माझ्याकडे सरकवून बसला. मग म्हणाला, “लिही. पण मग सगळं लिही. तुझंही.”

“माझं काय?”

“दांडा हललेला, शास्त्री.” त्याने तळहात वीतभर पुढे सरकवला आणि मागे घेतला. “केबिनमधून सांध्याला जाणारा दांडा माझ्या पायाशी होता. मी ‘थांबली’ म्हणालो आणि तो हलला. मग परत मागे गेला. तू विचारलेलंस, खरं आहे. पण लिव्हर ओढायला घेतल्यावर.”

मी नाही म्हणणार होतो. पण हाताला ती मूठ आठवली. खटका दाबला गेला होता, पोलादाचा भार खांद्यापर्यंत आला होता, आणि मग ते करकरणे. प्रश्न त्यानंतरचा. इतकी वर्षे मी तो आधी ठेवून सांगत आलो होतो. त्या क्षणी सांधा अर्धवट उघडा राहिला असता तर गाडी रुळांवरून घसरली असती, हे सांधेवाल्याला सांगावे लागत नाही.

“इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“तू माझं बोललास का?”

“नाही,” मी म्हणालो.

हात मागे घेण्याची बुद्धी भगवंताने दिली, ही माझी श्रद्धा तशीच आहे. उलट आता अधिक दृढ आहे. माझ्या व्याकरणाचे श्रेय तेवढे मी कमी करतो. हाक त्याची चुकली, हात माझा चुकला, आणि चूक एकच होती: न झालेले झाले मानले. घाटाने आम्हा दोघांनाही ते एकदाच दाखवले आणि निवृत्तीपर्यंत पुन्हा दाखवण्याची वेळ आली नाही, हे मात्र मी निःशंक सांगतो.

एवढ्यात चहा आला. “बघ,” सोबती म्हणाला, “आता बदल सांधा.” वहिनी गोंधळून आमच्याकडे पाहू लागल्या. तेव्हा त्याने त्यांना बसवले आणि आपली हाक स्वतःच्या तोंडाने सांगितली. मी माझा हात सांगितला. छापायला देण्याआधी लेख दोघांनाही वाचून दाखवायचा, असे ठरले.

आज सकाळी पूजा आटोपून लिहायला बसलो, तोच वहिनींचा फोन आला. “झाला का लेख, भाऊजी?”

मी म्हणालो, “होतोय.”