वळणावर शेपूट हलवणारी मोटार

शंकरनारायण अय्यरांची दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स मोटार वळणावर शेपूट हलवायला लागली आणि खापर फुटलं ड्रायव्हर मणीच्या डोक्यावर. सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या रेल्वे फाटकापाशी तर ती अशी फिरली, की अय्यर उडून भातशेताच्या बांधावर जाऊन बसले. "तुझ्या हाताला वळण नाही. रायरांना गाडीत दोष सापडला तर ठीक, नाहीतर उद्यापासून येऊ नको," असं त्यांनी मणीला सुनावलं.

रायर म्हणजे सेतूराव. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि कुंभकोणममधल्या यच्चयावत मोटारींचे वैद्य. त्यांचे आजोबा तंजावरच्या राजवाड्यात गाडीखान्यावर होते. जिथं दोन जिन्नस घासतात तिथं एरंडेल, एवढीच त्यांची विद्या. राज्य खालसा झालं, गाडीखाना मोडला, ती विद्या तेवढी नातवाकडे आली.

सेतूरावांनी मोटारीची मागली बाजू जॅकवर उचलली. चाक वरखाली धरून हलवलं. तसूभर ढिलं नाही. कमानींच्या पोलादी पाट्यांवर हातोडीनं टिचक्या मारल्या, एकही फुटकी वाजली नाही. पाट्यांच्या खिळ्यांत पहार घालून पाहिली, आसाला धक्के दिले. सगळं घट्ट. मणीचा चेहरा दर धक्क्याला उतरत होता.

मग त्यांनी गाडी खाली घेतली, शेपटीवर अंगाचा भार टाकून सोडला. एका झोक्यात थांबायला हवी ती बया चार झोके डुलली! चाकाजवळ लोखंडी हातांमध्ये लाकडी चकत्या आवळलेल्या असतात. त्यांनी घासूनच उसळी धरायची, म्हणून त्या कोरड्या ठणठणीत हव्यात. सेतूरावांनी चकतीला बोट लावलं, नाकाशी नेलं. एरंडेल.

आयुधपूजेला गाडी त्यांच्याकडेच होती. कुंकू लावून, आजोबांचं नाव घेऊन त्यांनीच सांध्यासांध्यात तेल सोडलं होतं.

"ड्रायव्हरनं घातलं असेल" या एका वाक्यात रायरांची अब्रू शाबूत राहिली असती. वाक्य जिभेवर आलंही होतं, खोटं कशाला बोला. ते तसेच घरात गेले.

बायको मंगला म्हणाली, "भात निवाला की. मुख असं कां?"

"मज भूक नाही. चूक सापडली."

"कोणाची?"

"माझीच."

मंगलाबाईंनी वाढलेलं पान झाकून ठेवलं. "मग सांगून या आधी. त्या मणीला घरीं तीन लेकरं आहेत."

सेतूराव अय्यरांच्या ओसरीवर उभे राहिले आणि एका दमात सांगून मोकळे झाले.

"चकत्या धुऊन वाळवा," अय्यर म्हणाले. "मग मणी चालवील आणि शेजारी तुम्ही बसाल. पडलात तर तुम्ही पडा."

पेट्रोलनं धुतलेल्या चकत्या दोन दिवस उन्हात पडल्या, पुन्हा आवळल्या गेल्या. फाटकाच्या वळणावर मणीनं वेग कमी केलाच नाही. सेतूरावांनी डोळे मिटले. गाडी रुळावरून धावल्यासारखी वळली. मणी मोठमोठ्यानं हसत होता आणि त्याचे गाल ओले होते.

परतल्यावर अय्यरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उद्या सहाला निघायचंय," एवढंच म्हणाले. "कॉफी इथंच घे."